बसलेल्या देहाचे ऋण

पोस्टमन खात्यांतर्गत परीक्षा देऊन पोस्टल असिस्टंट होतो तेव्हा घरात पेढे येतात. पिशवी खांद्यावरून उतरते, रोजच्या पत्रवाटपाचे बीट सुटते, ऊनपाऊस काउंटरच्या बाहेर राहतो. एसटीच्या चालकाची दृष्टी नोकरीत असताना अधू झाली, तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ त्याच्या पाठीशी उभा राहतो. त्याला कामावरून काढता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत झेपेल असे दुसरे काम द्यावे लागते, आणि ते काम बहुधा टेबलाचे असते. वायरमन खांबावरून उतरून कार्यालयातल्या नोंदवहीपाशी येतो. वर्षानुवर्षे ओझी वाहणारा मुकादम होतो. घरच्यांना, शेजाऱ्यांना वाटते की हा माणूस आता सुटला. तो आनंद खरा आहे आणि त्यावर विरजण घालण्याची माझी इच्छा नाही. पण धर्माचा विचार करणाऱ्याला इथे एक प्रश्न विचारावाच लागतो: या माणसाच्या अंगावरचे कष्ट उतरले, ते गेले कुठे? माझे म्हणणे असे, की अंगमेहनत सोडून बैठ्या कामावर जाणाऱ्याचे शरीरकष्टांचे कर्तव्य संपत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी देहावर सरकते, आणि म्हणून नोकरीने सोडवले तरी ते स्वतः होऊन, व्रत म्हणून, काही अंशाने परत घ्यावे लागते. हे व्रत सर्वांना सारख्या मापाने लागू होत नाही, हेही तितक्याच जोराने सांगायचे आहे; त्याकडे पुढे येतो.

आधी वैद्यकाचा पुरावा पाहू, कारण तो भक्कम आहे आणि तरीही अपुरा आहे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाडी एक, शहर एक. चालक दिवसभर बसलेला आणि वाहक दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटे फाडणारा. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि झाला तरी तो कमी घातक ठरला. टपाल खात्यात पत्रे वाटणारे आणि खुर्चीवरचे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला. मॉरिस यांची सचोटी अशी, की १९५६ मध्ये त्यांनीच गणवेशांची मापे तपासून दाखवले की चालकांच्या कमरा कमी वयापासूनच वाहकांपेक्षा रुंद होत्या. म्हणजे सगळा दोष आसनाच्या माथी मारता येत नाही. तरी पुढच्या संशोधनाने मूळ दिशा खोडून काढली नाही. २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असे दिसले, की रोज साठ ते पंचाहत्तर मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये दीर्घकाळ बसण्याने वाढणारा मृत्यूचा धोका जवळजवळ नाहीसा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालीची शिफारस केली आहे. इथे वैद्यकाचा हिशेब पुरा होतो. प्रश्न केवळ हृदयाचा असता तर सकाळी तासभर झपझप चालण्यात तो सुटला असता आणि हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

तो तसा सुटत नाही, कारण सकाळी चालणाऱ्याच्या धमन्या मोकळ्या राहतात खऱ्या, पण त्याच्या चालण्याने कुणाच्या घरी पत्र पोहोचत नाही, कुणाचा हंडा भरत नाही. व्यायामाचे फळ करणाऱ्याकडेच राहते. व्यायामाला मी कमी लेखत नाही. देह धड ठेवणे हेही कर्तव्यच. पण गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्या चक्राची कल्पना आहे, ती याहून मोठी आहे. यज्ञातून पाऊस, पावसातून अन्न, अन्नातून प्राणी, अशी ती साखळी. जो तिच्यातून घेतो आणि तिला काही परत देत नाही, त्याला गीता सरळ चोर म्हणते. जुन्या भाष्यकारांनी यज्ञाचा अर्थ मुख्यतः वैदिक कर्म असा लावला, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. शरीरश्रम हाच यज्ञ, हा अर्थ अलीकडचा आहे. टॉलस्टॉय यांनी बोंदारेव्ह नावाच्या रशियन शेतकऱ्याचा विचार उचलून धरला, गांधीजींना तो तिथून भेटला, मग तो त्यांना गीतेतही दिसला आणि आश्रमाच्या एकादश व्रतांत शरीरश्रमाला स्थान मिळाले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गीतेवर प्रवचने देणाऱ्या विनोबांनी पुढे नुसत्या सूतकताईच्या मजुरीवर जगता येते का, हे स्वतःच्या पोटावर करून पाहिले. अर्थ नवा आहे म्हणून तो खोटा ठरत नाही. अन्न कुणाच्या तरी कष्टांतून येते, ही त्या साखळीतली सर्वांत न टाळता येणारी कडी आहे. समिधा आणि तूप यांच्याविषयी मतभेद होऊ शकतात, घामाविषयी होत नाहीत.

आता कार्यालयाकडे पाहा. आपल्याकडे खुर्ची एकटी मिळत नाही. तिच्याबरोबर दुसऱ्याचे पाय मिळतात. टेबलावर घंटी असते. ती वाजली की पाणी येते, चहा येतो, वरच्या मजल्यावरची फाइल खाली येते. टेबल पुसलेले असते, केराची टोपली रिकामी झालेली असते, स्वच्छतागृह कुणीतरी पहाटे धुतलेले असते. कालपर्यंत जो स्वतः चालत होता, तो आज बसला की त्याचे चालणे हवेत विरत नाही. शिपायाच्या, सफाई कामगाराच्या, घरी भांडी घासणाऱ्या बाईच्या अंगावर ते जाऊन बसते. यातला अन्याय डोळ्यांत भरत नाही, कारण प्रत्येक काम किरकोळ असते आणि प्रत्येकाचा पगार ठरलेला असतो. पण वर्षभरात पायऱ्या चढणारी माणसे कोण आणि बसून राहणारी कोण, अशी यादी केली तर ती पगाराच्या यादीशी उलट्या क्रमाने जुळते, आणि फार ठिकाणी जातींच्या उतरंडीशीही जुळते. म्हणून हा प्रश्न मी आरोग्याचा मानत नाही. माझ्या बसण्याची किंमत कोणता देह भरतो, हा धर्माचा प्रश्न आहे.

महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेने या प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञानाच्या भाषेत दिले नाही, कथांत दिले. पंढरीचा देव बसलेला नाही, विटेवर उभा आहे. आणि तो तिथे उभाही राहत नाही, कामाला जातो. जनाबाईबरोबर दळतो, चोखोबाबरोबर मेलेली ढोरे ओढतो, सेना न्हाव्याच्या जागी राजाची हजामत करायला जातो, गोरोबांच्या चाकावर मडकी घडवतो. अरणच्या सावता माळ्याने मळा सोडून पंढरीची वारी केली नाही, उलट देवच मळ्यात आला, असे परंपरा सांगते. या कथा इतिहास म्हणून मी पुढे ठेवत नाही. पण एक समाज शतकानुशतके आपल्या देवाविषयी काय सांगत आला, हाही पुरावाच असतो. या समाजाला देवाने सिंहासनावरून न्याय करावा असे वाटले नाही. त्याने जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसून खुंटा धरावा, असे वाटले. ज्याला सर्व काही हुकमाने मिळू शकते, त्याने हाताने काम करण्यात त्याचे देवपण आहे, ही समजूत जगातल्या फार थोड्या धर्मपरंपरांत इतक्या थेटपणे आढळते.

याच परंपरेतून पहिला आक्षेप घेता येईल, आणि तो चांगला आक्षेप आहे. एकनाथांची गोष्ट प्रसिद्ध आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहिताना एका पैची चूक सापडेना, म्हणून ते रात्रभर दिव्यापाशी बसले आणि चूक सापडताच आनंदाने उठले. एवढे चित्त परमार्थात लावलेस तर काय होईल, असे स्वामी म्हणाले. ज्या परंपरेत हिशेबाची वही समाधीची तालीम ठरते, तिथे बैठ्या कामाला कमी कसे म्हणायचे? समर्थांनी तर दासबोधात लेखनक्रियेसाठी एक अख्खा समास दिला. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, हे त्यांना परमार्थाच्या ग्रंथात सांगावेसे वाटले. हे सारे मला मान्य आहे. काउंटरवर नोटा न चुकता मोजणारा, निवृत्तिवेतनाचे प्रकरण एका जोडपत्रासाठी अडू नये म्हणून मान मोडून बसणारा कारकून मनाने मोठी साधना करत असतो. पण मनाची साधना झाल्याने देहाचे देणे फिटले, असे एकनाथांची कथाही म्हणत नाही. त्याच एकनाथांच्या पैठणच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षे कावडीने पाणी भरत होता आणि तो प्रत्यक्ष भगवंत होता, असे परंपरा सांगते. पोथ्यांच्या त्या घरात पाणी कोण भरतो, हे विचारल्याशिवाय लोकमानसाला राहवले नाही, आणि विचारल्यावर त्या पाणक्याला देवाखेरीज दुसरे स्थान देणे त्याला पटले नाही. समर्थांचेही तसेच: लेखनाचा समास लिहिणाऱ्यानेच गावोगाव मारुती उभे केले आणि बलोपासना सांगितली.

वेदान्ताच्या बाजूने कुणी म्हणेल की आत्मा अकर्ता आहे, देह बसला काय नि चालला काय. याला फार वेळ देण्याची गरज नाही. जो स्वतःला देह मानत नाही, त्याने दुसऱ्याच्या देहाकडून चहा मागवू नये.

खरा कठीण आक्षेप डॉ. आंबेडकरांचा आहे, आणि तो टाळून श्रमप्रतिष्ठेवर महाराष्ट्रात एक वाक्यही लिहिण्याचा अधिकार कुणाला नाही. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी दाखवून दिले, की जात ही नुसती श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही चढत्या-उतरत्या पायऱ्यांची. १९४५ च्या पुस्तकात गांधीविचाराची चिकित्सा करताना त्यांनी विचारले, की जे काम जन्माने लादले आहे त्याचाच महिमा गाऊन माणसाला तिथेच ठेवणे ही कोणती दया? यंत्र हवे, फुरसत हवी, कारण फुरसतीवाचून माणूस पशूच्या पातळीवरून वर येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या कुणी खुर्चीला हात लावला नाही, त्या घरातली मुलगी टेबलामागे बसते, तेव्हा तिने शतकांची वेठ फेडून टाकलेली असते. तिला शरीरश्रमाचे व्रत शिकवायला जाणे हा अपमान आहे. आणि वैद्यकाचा पुरावाही इथे बाबासाहेबांच्या बाजूने उभा आहे. युरोपातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले, की अतिकष्टाच्या नोकऱ्या करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका हलक्या कामाच्या पुरुषांपेक्षा जास्त असतो. फावल्या वेळेतली हालचाल शरीर घडवते; विश्रांतीशिवाय, वेग स्वतःच्या हाती नसताना, पोटासाठी दिवसचे दिवस उचललेले ओझे ते मोडते. हमालाच्या मानेला हे कोणत्याही नियतकालिकाआधी ठाऊक होते, म्हणून तर पोत्याचे वजन कमी व्हावे यासाठी हमालांना लढावे लागले आणि त्यांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राला १९६९ मध्ये माथाडी कायदा करावा लागला.

हा आक्षेप मी पूर्ण स्वीकारतो, आणि माझे म्हणणे त्याने मोडत नाही, उलट धारदार होते असे मला वाटते. श्रम जन्माशी बांधलेला असणे हे पाप असेल, तर ती गाठ दोन्ही टोकांनी सोडावी लागते. खालून वर जाणाऱ्याने खुर्ची घ्यायची आणि वर बसलेल्याने झाडू घ्यायचा. फक्त पहिले घडले आणि दुसरे घडले नाही तर झाडू पुन्हा कुठल्या तरी ठरावीक हातांतच राहतो. रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली मैलासफाईचे काम मागितले. उच्चवर्णीय कैद्याला ते देता येत नाही, असे उत्तर मिळाले. म्हणजे ब्रिटिश तुरुंगाच्या शिस्तीनेही ठरवून टाकले होते, की अमुक जन्माचा माणूस बसेल आणि तमुक जन्माचा घाण उचलेल. अप्पासाहेबांनी अन्न सोडले, येरवड्यातून गांधीजींनीही उपवास आरंभला, आणि सरकारने फेरविचार करण्याचे मान्य केल्यावर तो सुटला. एका शिकल्यासवरल्या ब्राह्मणाला घाण उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून प्राण पणाला लावावे लागले, यावरून ती गाठ वरच्या टोकालाही किती घट्ट होती हे कळते. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी संडास आणि मैल्याच्या खताचे प्रयोग केले, ते नुसते हाताने उचलत राहण्यासाठी नव्हते, उचलावेच लागू नये यासाठी होते. हा मुद्दा मोठा आहे. घाण स्वतः उचलणाऱ्यालाच ती उचलण्याची पद्धत बदलावी अशी निकड वाटते. वकिली करणारे, वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असलेले बाबा आमटे सफाई कामगारांबरोबर डोक्यावर मैला वाहू लागले, आणि त्याच वाटेने पुढे आनंदवन उभे राहिले. हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणारा नवा कायदा देशाने २०१३ मध्ये केला. तोपर्यंतची दिरंगाई ज्यांच्या टेबलांवर झाली, त्यांच्यापैकी किती जणांनी ते काम एक दिवस तरी केले होते?

यातून मापाचा नियम निघतो. हे ऋण घराण्याने किती पिढ्या बसून काढल्या, त्या प्रमाणात असते. ज्यांचे आजे-पणजे फडणीस, कुलकर्णी, सावकार, मास्तर होते, त्यांच्यावर ते सर्वांत जास्त. घरातला पहिलाच माणूस खुर्चीवर बसला असेल, तर त्याच्या खात्यात अजून कित्येक पिढ्यांची जमा शिल्लक आहे. त्याने खुशाल बसावे, पाठ टेकून बसावे. त्याच्याकडून धर्म फक्त एवढेच मागतो, की घंटी वाजवताना समोरचा शिपाई कालचा आपणच होतो हे त्याने विसरू नये. गाडगेबाबा गावात शिरताना आधी रस्ता झाडत आणि रात्री कीर्तन करत. परीट जातीत जन्मलेल्या त्या माणसाच्या हातातला खराटा गावच्या पाटलाला आणि भटाला जे शिकवत होता, ते धडे घेण्याची गरज महारवाड्याला नव्हती. सेनापती बापटांनी पारनेरचे रस्ते झाडले, त्याला मोल होते ते विलायतेत शिकलेला माणूस झाडतो म्हणून.

आणखी एक शंका व्यवहारी लोकांची आहे. साहेबाने दहा मिनिटे टेबल पुसले तर ते नाटक होईल, आणि खरेच रोज पुसू लागला तर सफाई कामगाराची नोकरी जाईल. दुसरा अर्धा भाग गंभीर आहे. कंत्राटी पद्धतीने आधीच अर्धपोटी झालेल्या माणसाचे काम श्रमदानाच्या नावाखाली काढून घेतले, तर तो यज्ञ नव्हे, लूट होईल. म्हणून या व्रताची पहिली अट अशी, की त्यापायी कुणाचे पद वा पगार घटता कामा नये. सुटलेला वेळ त्या कामगाराला विश्रांती म्हणून, शिकण्यासाठी, मुलांसाठी मिळाला पाहिजे. नाटकाविषयी म्हणायचे तर प्रत्येक व्रत आरंभी बाहेरचेच असते. एकादशीचा उपवास पोटापासून सुरू होतो, मनापर्यंत पोहोचायला त्याला वर्षे लागतात. अर्धा तास सूत कातून देशाचे कापड पुरे होणार नाही, हे कातणाऱ्यांना कळत होते. कष्ट करणाऱ्याचे मोल बोटांना कळावे, एवढ्यासाठीही ते कातणे सार्थ होते.

आणि हे कळणे बसून येत नाही, हा या सगळ्या विवेचनाचा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. बीटवर फिरलेल्या पोस्टमनला कोणत्या वाडीचा चढ उन्हाळ्यात जीव घेतो, कोणती म्हातारी मनीऑर्डरीची वाट पाहत ओट्यावर बसते, कोणत्या घरात इंग्रजी पत्र वाचून दाखवावे लागते, हे पायांतून कळलेले असते. तो टेबलाशी आल्यावर ती ओळख काही वर्षे टिकते, मग झिजते. त्याच्या वरच्या टेबलावर तर असे लोक असतात ज्यांना ती कधीच नव्हती. नकाशावर दोन वाड्या एका बीटला जोडताना मध्ये किती चढ आहे हे त्यांना दिसत नाही, आणि ते दुष्ट नसतात, फक्त चाललेले नसतात. दुसऱ्याच्या श्रमाविषयी निर्णय घेणे हे बैठ्या कामातले सर्वांत मोठे सामर्थ्य आहे. त्या श्रमाची देहाला ओळख न ठेवता ते वापरणे हा मला या नोकऱ्यांतला सर्वांत मोठा अधर्म वाटतो.

म्हणून ज्यांच्या घरात बसून खाण्याची ही दुसरी, तिसरी पिढी आहे, अशा वाचकांना माझी विनंती आहे. तासभर फिरायला जाता, ते जाच; डॉक्टरांचे ऐका. पण त्याखेरीज रोज असे एक काम हाताने करा, ज्याचा उपयोग दुसऱ्याला होतो आणि जे आजवर कुणीतरी तुमच्यासाठी करत आला. आपला पेला विसळा, आपली फाइल आपण आणा, कचेरीची पायरी झाडा. आणि तुमच्या सहीने ज्यांचे कष्ट ठरतात, त्यांच्याबरोबर वर्षातून काही दिवस तेच काम पूर्ण पाळीभर करा. सही त्यानंतर करा.